द्वारकाबाई, तेल मी घातलं होतं

द्वारकाबाई,

तुमच्या तेरवीला आलेल्या मास्तरांनी मला सांगितलं की, तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, शाळेच्या हस्तलिखितात घेऊ. जन्म कुठला, शिक्षण किती, बाळंतपणं किती केली, सेवा केवढी. मी हो म्हटलं, आणि तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. त्यातलं मला काही लिहिता आलं नाही. मला आठवतं ते सगळं तुमच्या सायकलीचं. गद्दीखाली सुतळीनं बांधलेली पंक्चरची डबी, डंड्याला अडकवलेला पंप, आणि तुम्ही दुकानाची पायरी चढलात की दुकानदाराला फुटणारा घाम. शिवाय एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. ती तुमच्या फ्रीव्हीलची आहे, आणि तिच्यापायी एका भल्या माणसाचं नाव खराब झालं. ती सांगितल्याशिवाय तुमची स्तुती करायला माझी जीभ उचलत नाही.

चार वर्षांपूर्वी मी वर्ध्याकडून तुमच्या हाताखाली नर्स म्हणून बदलून जामटोल्याला आले, तेव्हा आपलं बाळंतपणाचं केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि ओसरीत उभ्या दोन सायकली. एक सरकारी, नवीकोरी, बायकांची, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावलेली. दुसरी तुमची स्वतःची, पुरुषांची, काळी, जुनी, आणि इतकी पुसलेली की हँडलमध्ये तोंड दिसावं. मला वाटलं, मोठ्या बाई म्हणून नवी सायकल तुमची असणार. तुम्ही ती माझ्याकडे ढकललीत. बायकांच्या सायकलीवर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. मधला डंडा नाही त्या सायकलीला कणाच नाही, असं तुमचं म्हणणं. नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट मारून तुम्ही डंड्यावरून पाय टाकायच्यात, आणि जामटोल्यातली म्हातारी माणसं दुसरीकडे बघायची. नंतर नंतर तीही नजर वळवेनाशी झाली, कारण त्यांच्याच सुनांना तुम्ही बाळंतपणातून सोडवलेलं होतं.

मला सायकल येत नव्हती. तुम्ही मला तलावाच्या पाळीवर नेलंत, मागून गद्दी धरलीत, आणि तिसऱ्या दिवशी न सांगता सोडलीत. मी सरळ पाण्यात. जाळी विणत बसलेल्या ढिवरांनी मला चिखलातून बाहेर काढलं. तुम्ही धावत आलात, आणि आधी सायकलीचं पुढचं चाक उचलून फिरवून पाहिलंत, रीम वाकली का म्हणून. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "तुले हाडं देवानं फुकट देल्ली. रीम राजन्नानं इकत देल्ली." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पण त्यानंतर मी कधी पडलेही नाही, हेही कबूल करते.

राजन्ना म्हणजे मूल गावच्या स्टेशनाजवळचा सायकलवाला. तुमच्या तोंडी देवाचं नाव दिवसातून एकदा यायचं, राजन्नाचं तीनदा. चार-सहा महिन्यांनी तुम्ही सुटी टाकून निघायच्यात, वैनगंगा नावेतून ओलांडायच्यात, सायकल नावेत आडवी घालून स्वतः तिच्याजवळ उभ्या राहायच्यात. मी दोनदा तुमच्याबरोबर आले. ती खरेदी पाहण्यासारखी असायची. टायर तुम्ही आधी हुंगायच्यात, मग नखानं दाबायच्यात. नव्या चाकाच्या आऱ्यांवरून चमचा फिरवून कान द्यायच्यात, एखादा आरा वेगळा वाजला की चाक परत. ब्रेकचे रबर दाताखाली धरून बघायच्यात. मी लाजेनं अर्धी व्हायची. राजन्ना मात्र हसत बसायचा. तुम्हाला पाहिलं की तो पुढच्या फळीवरचा माल दाखवतच नसे, आतल्या खोलीत जाऊन कापडात गुंडाळलेला डबा घेऊन यायचा. तुमचा हिशेब एका वाक्याचा होता. वस्तू पाहून घेऊ नका, देणारा पाहून घ्या. महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार, हे वर राजन्नाला ऐकवायचं. तो मान डोलवायचा. बारा वर्षं तुमचं असं चाललं होतं, आणि तुमच्या शब्दावर आमच्या भागातले मास्तर, देवी टोचणारे, जंगलखात्याचे नाकेदार, सगळे सायकल घ्यायची तर मूलला जायचे.

बत्तीवरून आपलं भांडण राहूनच गेलं. मी डायनामो बसवला, चाकाला घासून वीज करणारा. तुम्ही हँडलला घासलेटची बत्ती लटकवून हिंडायच्यात, काच काळी, वाऱ्यानं विझणारी. मी म्हणायची, बाई, आता कोणतं साल चाललंय. तुम्ही म्हणायच्यात, तुझा डायनामो सायकल थांबली की विझतो, आणि माणसाला उजेड लागतो तो थांबल्यावरच. चेन उतरली, साप आडवा आला, तर काय करशील? मी म्हणायची, तुमची बत्ती चालतानाही विझते आणि थांबल्यावरही. हे असं आपण चार वर्षं केलं. त्या बत्तीत नेहमी घासलेट भरलेलं असायचं, दिवसा निघालात तरी. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे लागेल.

यंदा दिवाळीआधी तुमचं फ्रीव्हील झिजलं. सायकल न जाणणाऱ्यांसाठी सांगते, मागच्या चाकावर चेन बसते त्या दातेरी चक्राला फ्रीव्हील म्हणतात. त्याच्या पोटात दोन बारीक खटके असतात, मिस्त्री लोक त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की कुत्रे दात धरतात आणि चाक ओढतात. उतारावर पाय थांबवला की तेच टिकटिक करत मोकळे सुटतात. राजन्नानं तुम्हाला कापडातलं विलायती फ्रीव्हील काढून दिलं. बसवताना म्हणाला होता, बाई, तुम्ही रिटायर व्हाल पण हे होणार नाही. येताना तुम्ही उताराउतारावर पाय थांबवत होतात, नुसती टिकटिक ऐकायला. तुम्हाला इतकं खूष मी फार कमी वेळा पाहिलं.

आता तेलाचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुम्ही सायकल उलटी करून तेलपाणी करायच्यात. तेल एकच, मशीनचं, पातळ, राजन्नाकडच्या लांब चोचीच्या कुपीतलं. ती कुपी चुलीमागच्या कोनाड्यात असायची आणि तिला मी हात लावायचा नाही, असा दंडक होता. मी लावला. माझ्या शिलाई मशीनला मार्गशीर्षभर मी त्यातलंच तेल घातलं. झबली शिवत होते, ब्लाऊज शिवत होते, दर वेळी चार थेंब. तुम्हाला सांगायचं, उद्या सांगू, असं करता करता कुपी रिकामी झाली. आणि नेमका त्या रविवारी तुमचा खांदा धरला होता. तुम्ही ओसरीत उन्हाला बसून म्हणालात, पोरी, आज तू कर. चार वर्षांत पहिल्यांदा तुम्ही तुमची सायकल माझ्या हाती दिलीत.

मी आत गेले. कुपी उपडी करून पाहिली. बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं की, बाई, तेल संपलं, मी संपवलं. तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण चुलीजवळ मोहाच्या बियांच्या तेलाचा गडू होता. इथली माणसं बाळंतपण झालं की आणून देतात, भाजीला, डोक्याला, दिव्याला, बैलबंडीच्या आसालाही तेच. थंडीचे दिवस, म्हणून तेल गडूत तुपासारखं थिजलं होतं. मी ते पळीत घेतलं, चुलीवर ऊन केलं, पातळ झालं, कुपीत भरलं, आणि तुमच्या डोळ्यांदेखत फ्रीव्हीलमध्ये ओतलं. चाक फिरवलं. टिकटिक एकदम मंद झाली. तुम्ही म्हणालात, "किती शांत चालून राह्यली वं." मी हसले. थिजलेलं तेल मी स्वतःच्या हातानं चुलीवर ऊन केलं होतं, बाई, आणि ते पुन्हा थिजेल एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. वर्ध्याकडची मी, जवसाच्या आणि तिळाच्या तेलात वाढलेली. पण हा काही बचाव नाही. चार हिवाळे मी तो गडू पाहत होते.

आठवडाभर काही झालं नाही. तुम्ही दिवस वर आल्यावर निघायच्यात, उन्हात तेल पातळच राहायचं. मग पौषातली ती सकाळ आली. उजाडायच्या बेताला कुडेवाहीचा एक ढिवर धापा टाकत दारात आला. त्याची सून पहिलटकरीण, दोन दिवसांपासून अडलेली. कुडेवाही सडकेनं नऊ मैल. तुम्ही पाच मिनिटांत तयार होतात. मी म्हटलं, मी येते. तुम्ही म्हणालात, केंद्रावर कोणीतरी हवं. बाळंतपणाची पेटी कॅरिअरला बांधलीत आणि गेलात. तोंडातून वाफ निघत होती, एवढी थंडी होती.

पुढचं तुम्हीच मला अंथरुणातून सांगितलंत, तुकड्यातुकड्यानं. दोन मैलांवर नाल्याचा उतार लागतो. तिथं तुम्ही नेहमीप्रमाणे पाय थांबवलेत. खाली आल्यावर पायडल मारलंत, तर ते रिकामंच फिरलं. कुत्रे आत दबले ते दबलेच, वर उठेनात. तुम्ही उतरून चाकाला हिसके दिलेत, दगडानं ठोकलंत. नवं फ्रीव्हील, अडीच महिन्यांचं. तुम्हाला वाटलं, आतली स्प्रिंग तुटली. तुटलेल्या स्प्रिंगला रस्त्यात औषध नाही. म्हणून तुम्ही सायकल एका सागाला टेकवून ठेवलीत, पेटी डोक्यावर घेतलीत आणि पायी निघालात. सडकेनं रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, जायला वेळ लागला असता, म्हणून पायवाटेनं सरळ कठाणी नदीत उतरलात. पाणी मधे कमरेपर्यंत होतं. पौषातलं, सूर्य निघायच्या वेळचं पाणी.

हँडलला घासलेटची बत्ती होती. भरलेली. मोहाचं तेल आत थिजलंय एवढं तुम्हाला ठाऊक असतं, तर तुम्ही बत्ती उघडून घासलेट फ्रीव्हीलमध्ये ओतलं असतं, चाक चार वेळा झटकलं असतं, आणि पाच मिनिटांत पुन्हा गद्दीवर बसला असतात. रविवारी मी एक वाक्य बोलले असते तर. मी हे रोज मोजून पाहते आणि रोज तेवढंच येतं, पाच मिनिटं.

तुम्ही पोचलात तेव्हा गळ्याला नाळेचा वेढा बसून बाळ गेलं होतं. आईला तुम्ही वाचवलंत. ओल्या लुगड्यानं दुपारपर्यंत तिच्याजवळ बसलात. त्यांनी कोरडं लुगडं पुढे केलं होतं, तुम्हाला हात मोकळा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी बंडीतून परत आलात, सायकल बंडीत आडवी घातलेली, तुम्ही तिच्या शेजारी घोंगडं पांघरून. अंगात ताप होता. तरी पहिलं काम म्हणजे तुम्ही मला सायकल उतरवायला लावलीत आणि पायडल फिरवायला. मी फिरवलं. उन्हात तापलेली सायकल, चाक व्यवस्थित फिरलं. तुम्ही हात लावून चाक थांबवलंत. मग म्हणालात, "दिवसा चालते, सकाळी दगा देते. राजन्नानं मले खोटा माल देल्ला."

मला त्याच क्षणी कळलं. गडू समोर होता, बाई. सकाळी मी त्यातून तेल खरवडून काढलं होतं आणि आता दुपारी ते वाहत होतं. मी आत गेले. तुमचं अंथरूण घातलं.

नऊ दिवस तुम्ही होतात. गडचिरोलीहून डॉक्टर आले, न्यूमोनिया म्हणाले, पेनिसिलिन दिलं. वेळेवर सगळी इंजेक्शनं मी टोचली, त्यात कुठे चुकले नाही. तुम्हाला भेटायला माणसं येत होती. मास्तर आले, नाकेदार आले, देवी टोचणारे आले, आणि प्रत्येकाला तुम्ही खोकत खोकत एकच सांगितलंत की राजन्नाकडून आता काही घेऊ नका, त्याच्या मालापायी एक लेकरू गेलं. मी तिथंच असायची, पाणी द्यायला, उशी सारखी करायला. चौथ्या दिवशी तुम्ही पोस्टकार्ड लिहायला सांगितलंत. तुम्ही बोलत गेलात, मी लिहीत गेले. "राजन्ना, तुझं फ्रीव्हील सकाळच्या वेळी धरत नाही. मी तासभर उशिरा पोचले. लेकरू गेलं. बारा वर्षांची ओळख होती, ती आज संपली. आता माझ्या दारी येऊ नको." खाली तुम्ही कशीबशी सही केलीत. अक्षर माझं. नेहमीपेक्षा चांगलंच आलं होतं. पोस्टमन दारात आला तेव्हा कार्ड चुलीत टाकायचं सोडून मी ते त्याच्या हातात दिलं.

तुम्हाला वाटेल, पोरगी घाबरली असेल. घाबरले होतेच. पण खरं सांगायचं तर त्यात सुटका झाल्यासारखंही वाटत होतं. तुमचा राग मोठा होता, तो कुठेतरी जायलाच हवा होता, आणि तो मूलला जात होता. माझ्याकडे येत नव्हता. इतकं साधं होतं ते. यापेक्षा चांगलं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

सहाव्या दिवशी ताप उतरला. तुम्ही भिंतीला टेकून बसलात, वाटीभर पेज प्यायलात. मी ठरवलं, आता सांगायचं. तुमच्या पायाशी बसले. तोंड उघडणार तेवढ्यात तुम्हीच माझ्या डोक्यावर हात ठेवलात. म्हणालात, "तुह्या मनाले लावून घेऊ नोको, पोरी. तेलपानी तू केलं म्हनून तसं झालं, असं कोनी म्हनलं तं मले सांग. माल खोटा होता, हात खोटा नोयता." तेव्हा माझं तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशी ताप परत चढला. शेवटच्या दिवशी तुम्ही फारसं कोणाला ओळखत नव्हतात. मधेच एकदा स्पष्ट म्हणालात की राजन्नानं असं नव्हतं करायला पाहिजे. मी ओठांवर पाणी लावलं.

तेरवी तुमच्या चिमूरच्या पुतण्यानं केली. सकाळी स्वयंपाकाची तयारी चालली होती तेव्हा राजन्ना आला. पायी, धुळीनं भरलेला, खांद्याला हत्यारांची पिशवी आणि हातात कापडात गुंडाळलेलं नवं फ्रीव्हील. कार्ड त्याला मिळालं होतं, पण तो दुकानाचा हंगाम सोडून निघू शकला नव्हता. तुम्ही गेल्याचं त्याला आदल्या संध्याकाळी गडचिरोलीला मोटारीतून उतरल्यावर कळलं. दारी येऊ नको असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून तो आत आला नाही. अंगणाबाहेरूनच त्यानं मला विचारलं, बाईंची सायकल एकदा उघडून पाहू द्याल का. मास्तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. नाकेदार तर थुंकला. मी सायकल बाहेर नेऊन दिली.

त्यानं चाक काढलं, जमिनीवर कागद अंथरला, ठोकणीनं फ्रीव्हीलची वरची चकती सैल केली. सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील, आमच्या अंगणात अजून ऊन यायचं होतं. चकती निघाली आणि आतले छर्रे, त्या बारीक लोखंडी गोळ्या, खाली पडलेच नाहीत. ते पिवळट लोण्यात रुतल्यासारखे बसले होते. दोन्ही कुत्रे आडवे, जागच्या जागी. राजन्नानं बोटानं थोडं उकरलं, नाकाशी नेलं.  मग स्प्रिंग काढून पाहिली. ती नवीच्या नवी होती.

त्यानं मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली करून म्हणाला, "लहान्या बाई, हे मोहाचं तेल हाय. पन कोनाले सांगू नका. मोठ्या बाईनं घाईत टाकलं असन. गेलेल्या मानसाच्या माथ्यावर कायले टाकाचं? माहा माल खराब होता, तसंच राहू द्या."

अंगणात पंचवीस-तीस माणसं होती. तुमचा पुतण्या होता, मास्तर होते, कुडेवाहीचा तो ढिवरही आला होता. मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की तेल मोठ्या बाईंनी घातलेलं नाही. मी घातलं. मशीनचं तेल मी संपवलं, मोहाचं ऊन करून मी ओतलं, आणि ते कार्डही माझ्याच हातचं आहे. राजन्नाचा माल खरा होता. एवढं बोलायला मला फार वेळ लागला नाही. इतके दिवस जे सांगता आलं नव्हतं ते पाणी पिण्याइतक्या वेळात बाहेर आलं.

 राजन्ना छर्रे एकेक करून घासलेटात टाकत होता. तो थांबला. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "मोठ्या बाईले सांगतलं होतं?"

मी म्हटलं, नाही.

"मंग त्या माह्यावर रागावूनच गेल्या."

त्यानं फ्रीव्हील धुतलं, जोडलं, स्वतःच्या कुपीतलं तेल घातलं, चाक बसवलं. नट आवळले. हात राखेनं घासून धुतले. मास्तर पुढे होऊन त्याची माफी मागायला लागले, तर तो त्यांना नुसतं बरं बरं म्हणाला. तेरवीच्या दारातून माणूस उपाशी परतला तर गेलेल्याला लागतं, म्हणून दुपारी तो पंगतीच्या टोकाला बसला, एक घास खाल्ला आणि पानाला नमस्कार करून उठला. आणलेलं नवं फ्रीव्हील त्यानं परत नेलं नाही. ओसरीत ठेवून गेला. माझ्याशी तो त्यानंतर एक शब्द बोलला नाही, आणि बोलावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

तेव्हापासून मी सायकल काढून हिंडते आहे. जे जे तुमच्या अंथरुणाशी येऊन बसले होते, त्यांच्या त्यांच्या दारी गेले. राजन्नाचा माल खरा होता, चूक माझी होती, असं सांगितलं. दोन मास्तरांना ते अर्धंमुर्धंच पटलं, एकानं माझ्याकडे असं पाहिलं की पाणी न पिता परत आले. काल कुडेवाहीला गेले. त्या पोरीच्या सासऱ्यानं तेरवीला ऐकलेलं घरी सांगितलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, थिजलेलं तेल, नाल्याचा उतार, तुमची बत्ती. तिनं ऐकून घेतलं. मग उठून आत गेली आणि दार लावलं. मी थोडा वेळ अंगणात थांबले, आणि निघाले. ज्या वाटेनं तुम्ही त्या सकाळी गेलात त्याच वाटेनं आले.

आता सगळ्यांना कळलंय, बाई. मूलपासून कुडेवाहीपर्यंत कोणाला सांगायचं राहिलं नाही. ज्यांना सांगितलं ते कोणी माझे लागत नव्हते, आणि त्यांना शोधत मला मैलन्‌मैल जावं लागलं. तुमच्यापर्यंत पोचायला मला हात लांबवायचीही गरज नव्हती. नऊ दिवस होते माझ्याकडे, आणि नऊही दिवस मी तुमच्या उशाशीच बसलेली होते.